इजाबायचा वाकडा मोती

कालवेबंदरच्या चर्चमध्ये वेदीचे खांब पिळलेले आहेत. सरळ खांब एकही नाही. पाहुणे मान वर करून 'बरोक!' म्हणतात आणि गावातले म्हातारे बस्त्यावबाबा गालात हसतात. या वळणावळणाच्या, भरगच्च शैलीचे इंग्रजी नाव पोर्तुगिजांच्या वाकड्या मोत्यावरून पडले, असे पुष्कळ जाणकार मानतात. गाव त्यांच्याही एक पाऊल पुढे: तो मोती आमच्या इजाबायचाच! मग बस्त्यावबाबा बाकावर ऐसपैस बसून गोष्ट सांगतात.

इजाबाय म्हणे खडकावरची कालवे, म्हणजे शिंपले, फोडून पोट भरी. नवरा वादळात सापडला, तेव्हा सायबीण मायच्या, म्हणजे मरियामातेच्या, मुकुटात मोती चढवीन असा नवस ती बोलली. नवरा काथ्याच्या दोराला धरून तगला आणि धडधाकट परतला. कालवात मोतीही गावला, पण आल्याच्या तुकड्यासारखा वेडावाकडा. पाद्रीबाबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. स्वर्गाच्या राणीच्या मुकुटात असला मोती शोभायचा नाही, म्हणाले.

नवस राहिला तर दर्या नवऱ्याला परत मागून घेईल, अशी इजाबायची पक्की समजूत. हंगामभर तिने कालवे फोडली. दुसरा मोती काही मिळाला नाही. शेवटी हाच मोती घ्या म्हणून तिने चर्चच्या पायरीवरच ठाण मांडले. रिकाम्या हाताने बसवेना, म्हणून काथ्याचा दोर वळत बसली.

आत दुमिंग सुतार नव्या वेदीचे खांब तासत होता. भारी थट्टेखोर माणूस. "इजाबाय, मोती सरल कर, नायतर चर्च वाकरं कर!"

तिचे डोके फिरले. हातातला दोर त्याच्यापुढे आपटून ती म्हणाली, "यो बी वाकराच हाय ना? याच्याच जीवावर माजा दादला घरा आयला!"

दुमिंगचे हसू मावळले. त्याने दोर उचलला, बोटांनी पीळ चाचपला आणि तोच पीळ खांबांत कोरला. मग वेली आल्या, फुगऱ्या गालांचे देवदूत आले, गुंडाळलेले ढग आले. सरळ रेघ औषधालाही उरली नाही.

वेदी उभी राहिली. पाद्रीबाबांनी आधी मुकुटात कुठूनसा आणलेला गोल मोती धरून पाहिला. त्या सगळ्या वळणांत तो परक्या पाहुण्यासारखा अवघडला. मग इजाबायचा धरला, आणि ते खो खो हसतच सुटले. "बाई, तुझाच!" इजाबाय तिथेच मटकन बसून रडली.

आजही सायबिणीच्या सणाला जो तो आपल्या वाडीतले सगळ्यात वाकडे फळ वेदीशी ठेवतो. कुणी सरळसोट काकडी आणलीच, तर बायका त्याला विचारतात, "का रं, देवाला द्यावं असं काय बी पिकलं नाय?"