आंबळखेडचा मानाचा घोडा

पोळ्याला सगळ्या गावांत वेशीचं तोरण बैल तोडतो. आमच्या आंबळखेडात घोडा तोडतो. ही वेस बघा, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलंय ना, संध्याकाळी त्याखालून आधी घोडा जाईल, मोकळ्या पाठीचा, आणि मग बैल. पाहुणे हसतात. हसा, आम्हीही हसतो. पण आधी ऐका.

या समोरच्या माळावर कंपनी सरकारच्या रिसाल्याची छावणी होती. तिचा प्रमुख थॉर्नबीसाहेब. मिसरूड फुटायच्या आधी तो जहाजातून उतरला, तेव्हा त्याला घोड्यावर धड बसताही येत नव्हतं म्हणे. इथल्या स्वारांनीच त्याला बसायला शिकवलं, मराठी शिकवली, आणि शिव्या तर आधीच शिकवल्या. पुढं लढाया झाल्या, बढत्या मिळाल्या, अख्खा रिसाला त्याच्या हाताखाली आला. साहेब काही देव नव्हता. त्याच्या तलवारीनं कुणाकुणाची घरं बुडाली, ते या गोष्टीत येत नाही, पण आम्ही ते विसरलेलो नाही. त्याचा जीव मात्र एका जनावरात अडकला होता, अबलख नावाच्या त्याच्या घोड्यात. शिंग वाजलं की अबलख सगळ्यांच्या पुढं. खांद्याला गोळी लागलेल्या साहेबाला त्यानं भर पुरातून पैलतीरी आणलं, असं सांगतात.

साहेबाची नोकरी सरली. विलायतेला निघायचं ठरलं. अबलख म्हातारा, त्यात एका पायानं लंगडा, त्याला जहाजात कोण घेणार? मागं ठेवावा, तर कुणीतरी टांग्याला जुंपून चाबकानं फोडून काढेल. या विचारानं साहेबाची झोप उडाली. शेवटी त्यानं मनाशी ठरवलं, आपल्याच हातानं गोळी घालायची. पोळ्याच्या दिवशी तो घोडा घेऊन वेशीबाहेरच्या या चिंचेखाली आला. घोडा बांधला आणि पिस्तूल मांडीवर घेऊन पलीकडं बांधावर घोड्याकडं पाठ करून बसून राहिला. हात धजेना.

इकडं वेशीत वेगळाच गोंधळ. वरच्या आळीचे धुमाळ आणि खालच्या आळीचे धुमाळ, एकाच पणजोबाची पोरं, पण तोरणाचा मान कुणाच्या बैलाचा, यावरून काठ्या घेऊन उभे. बैल शिंगं रंगवून, झुली पांघरून ताटकळत होते. बायका ओवाळायला ताटं घेऊन उभ्या, आणि पुरणपोळ्या गार होत चाललेल्या. त्यांत ठकूबाई धुमाळ नावाची म्हातारी होती. ती दोन्ही आळ्यांना वैतागली आणि ताट घेऊन तरातरा चालू पडली. चिंचेखाली तिला अबलख दिसला.

"कुणाचं का असंना, जनावर हाय. सणाच्या दिशी उपाशी कशाला?" असं म्हणून तिनं त्याचे पाय धुतले, कपाळाला कुंकू फासलं, पोळी भरवली आणि माघारी गेली.

मग साहेब मनाचा धडा करून उठला. पिस्तूल उचललं, नेम धरला, आणि बघतो तर जिथं गोळी घालायची, बरोबर तिथंच ओलं कुंकू! त्याचा हात खाली आला.

तेवढ्यात खालच्या आळीनं वरच्या आळीला खिजवायला शिंग फुंकलं. अबलखानं कान टवकारले. जन्मभर शिंग ऐकून पुढं जाणारा घोडा तो, एका हिसड्यात दोर तोडला आणि लंगडत, फुरफुरत, दोन्हीकडच्या बैलांना मागं टाकून तोरण तोडून गावात शिरला. मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि हातात काठ्या घेऊन दोन्ही आळ्या पोट धरधरून हसल्या. मान ना यांचा, ना त्यांचा. भांडणच संपलं.

मागून साहेब धापा टाकत आला, हातात पिस्तूल तसंच. ठकूबाई पुढं झाली. ती सगळ्यांनाच अरेतुरे करायची.

"ते ठेव खाली, साहेबा. ह्यो आता गावाचा मानकरी झाला."

"म्हातारे, मी गेल्यावर याला कुणी टांग्याला जुंपलं तर?"

गावानं तिथंच बेलभंडार उचलला, की याच्या पाठीवर ना खोगीर पडेल, ना चाबूक. साहेब लहान मुलासारखा रडला, आणि रडता रडता पोळी खाल्ली. लगाम त्यानं स्वतःच्या हातानं काढला. पुढं कितीतरी पोळे अबलखानंच तोरण तोडलं, आणि पोळ्या खाऊन असा सुटला म्हणे, की वेशीत मावेना!

आजही आमच्याकडं नवरदेव घोड्यावर बसत नाही, शेजारून चालतो. आजही पोळ्याला घोड्याला कुंकू लावायचा मान ठकूबाईच्या घरच्या सुनेचा. ती बघा आलीच ताट घेऊन. कपाळभर कुंकू लावते. एवढं कशाला, असं विचाराल तर म्हणेल, "लांबनं दिसाय नको व्हय? कुणी नेम धरलाच, तर हात खाली याया पायजे."