पांढऱ्याचं शिखर

"मग 'पोचलो' म्हणणार तरी कधी, वस्ताद?"

दोष सगळा म्हाताऱ्याचा होता. ओस्वाल्दो वस्तादाचा.

आल्प्समधल्या त्या खोऱ्यात रीतच होती. चेल्यानं पुढं चढायचं, वस्तादानं मागून यायचं. माथ्यावर वस्ताद "पोचलो" म्हणाला, की चेला वाटाड्या झाला. तोवर त्याच्या दोराला कुणी स्वतःला बांधून घेत नसे.

आणि हा माणूस तो एक शब्द गिळून बसलेला.

पांढऱ्या म्हणजे चुनखडीचा उभा सुळका. कॉलेज सोडून आलेल्या तुल्योनं म्हाताऱ्याला तिथं सगळ्या वाटांनी नेलं होतं. धारेवरून, महायुद्धात सैनिकांनी ठोकलेल्या लोखंडी शिड्यांवरून, त्यांनी खणलेल्या भुयारांतून. दर वेळी म्हातारा वर बसून चीज खायचा. गप्प. आधीचे चेले वैतागून निघून गेले, पण तोंडावर विचारायची छाती कुणाची झाली नाही.

तुल्योनं विचारलं. म्हातारा उरलेलं चीज गुंडाळून उतरायला उठला.

उतरताना मग त्यानं काही शिल्लक ठेवलं नाही. पोरांकडून फुकट ओझी वाहून घेता, कुणी पुढं गेलेलं तुमच्या पिढीला बघवत नाही, सगळं ऐकवलं. म्हातारा "हं, हं" करत मागून येत राहिला.

पायथ्याला पांढऱ्या दगडांचा खच पडलेला, अर्धं खोरं भरून. तुल्यो रोजच्यासारखा त्यातून धडाधड उतरला. वळून बघतो तर म्हातारा मध्येच थांबलेला. टोपी हातात.

"पोचलो."

"या डबरात? थट्टा करताय गरिबाची?"

म्हाताऱ्यानं काठी उचलली. माथ्याकडे नाही. माथ्याच्याही वर, रिकाम्या आभाळात.

"तिथवर होता पांढऱ्या. युद्धात वर शत्रूची चौकी होती. आम्ही खालून भुयार नेलं, दारू ठासली..."

तुल्योनं वर पाहिलं. मग खाली. खच लांबवर पसरला होता, उन्हात पांढराफेक. केवढं असेल ते शिखर. आणि ते बुटांखाली. पाय कुठं ठेवावा, त्याला कळेना.



"वस्ताद," तो हळूच म्हणाला, "वर कोण होतं?"

वस्तादांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"पलीकडच्या खोऱ्यातले वाटाडे. बत्ती मी दिली... मला ज्यानं चढायला शिकवलं, तो त्यांच्यात होता."