अंबाडीचा धागा

“म्हणजे दोष होडीचा नव्हता, असं तुम्हाला लिहून देता येईल ना, सर?”

उदयननं टेंगशे सरांना विचारलं. निवृत्तीनंतर ते आचऱ्याच्या खाडीकाठी एकटेच राहत. एके काळी त्यांनी उदयनला पदार्थविज्ञान शिकवलं होतं. आता उदयनचं नाव सर्वत्र होतं. अंबाडीचे धागे रेझिनमध्ये बसवून त्यानं हलकी, स्वस्त होडी तयार केली होती.

तशीच एक होडी दुसऱ्याच वर्षी भर समुद्रात दुभंगली. तीतला मच्छीमार दिगंबर कोयंडे बुडाला. त्याचा देह सापडला नाही.

आता चौकशी बसली होती.

उदयननं होडीचा तुटका तुकडा सरांपुढे ठेवला.

सरांनी तुटलेल्या कडेतून एक धागा चिमटीत धरून ओढला. तो अलगद, अख्खा बाहेर आला.

“तोड बघू.”

उदयननं दोन्ही हातांनी ओढला. धागा बोटात रुतला, पण तुटला नाही.

“बघा ना,” उदयन म्हणाला. “अजून किती मजबूत आहे.”

“हो. आणि होडी?”

...

“अंबाडी पाणी पिते,” उदयन म्हणाला. “फुगते. रेझिन तेवढं फुगत नाही. मग धागा आतल्या आत सुटतो.”

“हे केव्हा कळलं?”

“तुम्हीच शिकवलं होतं.”

“मग भिजवून ताण दिलास?”

“नमुने कोरडेच तपासले.”

“का?”

उदयन खिडकीबाहेर बघू लागला. ओहोटीनं खाडीचा चिखल उघडा पडला होता.

“भिजवल्यावर मजबुतीचे आकडे उतरतात, सर.”

...

मग उदयन खालच्या आवाजात म्हणाला, “होडीत वजन जास्त होतं, असं म्हणता येईल.”

“कोण कोण होतं?”

“तो एकटाच.”

“आणखी काय होतं?”

“जाळं. ओलं होतं... ओलं जाळं जड होतं ना, सर.”

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. आजारी माणसाकडे बघावं तसं.

उदयनची मान खाली गेली. तो उठला. जाण्याआधी सवयीनं पाया पडायला वाकला.

सरांनी पाय मागे घेतले.

तो तसाच वाकलेला राहिला. “मग मी काय करू, सर?”

“कोयंड्यांकडे जा. दिगंबरची आई अजून दाराला कडी लावत नाही.”