कानाची पाळी

"आणि मनोऱ्याच्या आधी, बाबा? त्याच्या आधी माणसं कुठली भाषा बोलत होती?"

वामदेवशास्त्र्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. सबूरशहा फकीर चिंचा फोडत बसले होते. त्यांनी नुसतं हं केलं.

मांजरा नदीच्या काठावर एका टेकडीवर त्यांचा तकिया होता, फकिराचं ठाणं. एक झोपडी, एक चिंचेचं झाड आणि खाली नदीपर्यंत गेलेल्या ओबडधोबड पायऱ्या. संसार म्हणावा तर एवढाच. पण आसपासच्या गावांत बोलवा अशी, की या फकिराला कळत नाही अशी बोली या मुलखात नाही.

शास्त्री दोन दिवस बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत आले होते ते हीच बोलवा ऐकून. त्यांना स्वतःला सात भाषा येत. आता सात भाषा म्हणजे काही खायचं काम नाही, माणूस खरोखरच विद्वान होता. वीस वर्षं खपून त्यांनी भाषांच्या उगमावर ग्रंथ लिहिला होता. दसऱ्याला तो संस्थानच्या सभेत वाचायचा होता. फक्त शेवटचं पान कोरं होतं. सगळ्यांत पहिली भाषा कोणती, ते त्या पानावर यायचं होतं. गेलं वर्षभर लेखणी तिथेच अडून बसली होती.

"हुणसे," बाबा चिंच फोडता फोडता कानडीत म्हणाले, आणि त्यांनी उजव्या हाताने कानाची पाळी धरली. "शिवव्वा तेलीण."

दुसरी चिंच घेतली. "चिंतपंडू," हे तेलुगूत. पुन्हा कान. "येल्लय्या, ताडी काढणारा."

तिसरी. "चिंच." पुन्हा कान. "राधाई. खालच्याच गावची. गेली बिचारी."

गवई लोक उस्तादाचं नाव घेताना कानाला हात लावतात, ते शास्त्र्यांनी पाहिलं होतं. पण तेलिणीसाठी, ताडीवाल्यासाठी? सकाळपासून त्यांना हे खटकत होतं.

"बाबा, हे काय चाललंय?"

"ज्यानं शब्द दिला त्याचं नाव घेतो. या मुलखात आलो तेव्हा मला पाणीसुद्धा मागता येत नव्हतं, शास्त्रीबुवा."

"पण दर शब्दाला कान धरायचा, तर माणसानं बोलायचं कधी?"

"म्हणून तर कमी बोलतो."

शास्त्र्यांना हसू आलं. म्हातारा अगदीच साधा नव्हता.

"ती मनोऱ्याची गोष्ट परत सांगा बरं," बाबा म्हणाले.

शास्त्र्यांनी ती एका पाद्र्याकडून ऐकली होती, मग शोधून शोधून वाचली होती. त्यांनी घसा साफ केला. सभेत सांगायची सवय.

"सगळ्या जगाची भाषा एक होती. त्यामुळे माणसांना गर्व झाला. म्हणाली, स्वर्गाला भिडेल असा मनोरा बांधू. विटेवर वीट चढू लागली. देवानं पाहिलं आणि त्यांची भाषा फोडली. वरचा वीट मागतोय, तर खालचा त्याला चुना देतोय. काम ठप्प झालं. माणसं दाही दिशांना पांगली. गर्वाची शिक्षा."

"पुढं?"

"पुढं काही नाही. गोष्ट संपली."

"तो वर होता ना, वीट मागणारा... त्याचं काय झालं?"

इतक्या वर्षांत हे शास्त्र्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"वीट येईना," बाबा म्हणाले. "ओरडून ओरडून घसा बसला. मग काय करील तो?"

"...उतरेल."

"उतरून?"

"खालच्याला विचारेल. बाबा रे, तू काय म्हणतोस ते पुन्हा सांग."

बाबांनी मान डोलावली. "तुम्ही शिक्षा म्हणता. मला तर ती दया वाटते. नाहीतर तो वरच राहिला असता."

एक चिंचोका घरंगळत शास्त्र्यांच्या पायाशी आला. त्यांनी तो उचलला आणि तसाच मुठीत धरला. वीस वर्षांत हातून किती पोथ्या गेल्या, पण एवढी गोष्ट कुठे सापडली नव्हती. आणि इथे एक निरक्षर म्हातारा चिंचा सोलता सोलता ती सांगून मोकळा झाला. शास्त्र्यांना त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. तसं त्यांना क्वचितच कुणाविषयी वाटत असे.

"बाबा, हे मी ग्रंथात घालीन. तुमच्या नावानं घालीन. आता ती पहिली भाषा तेवढी सांगा."

"तुम्ही सकाळपासून बोलताय," बाबा म्हणाले. "मला हौस, म्हणून साती भाषांत बोलून दाखवलंत. गोड बोलता. पण तुमचा हात एकदाही कानाला गेला नाही."

"मला असं कुणी दिलेलं नाही, बाबा. मी पोथ्यांवरून शिकलो. गुरू होते, पण त्यांना मी सहा महिन्यांत मागे टाकलं." यात बढाई नव्हती. झालंच तसं होतं.

"आणि पहिला शब्द?"

"पहिला?"

"तोंडातून निघाला तो. तोही पोथीतूनच घेतलात?"

शास्त्र्यांनी मुठीतला चिंचोका चाचपला.

बाबा चिंचा फोडत राहिले. त्यांना कसलीच घाई नव्हती.

"...याडी," शास्त्री म्हणाले. आवाज सभेतला नव्हता. "याडी म्हणजे आई. लमाणांच्या बोलीत."

बाबांनी हातातली चिंच खाली ठेवली.

"माझी आई मी तीन दिवसांचा असताना गेली. गावात साथ होती, दूध पाजायला कुणी मिळेना. नदीकाठी लमाणांचा तांडा उतरला होता. वडील स्वतः हात जोडून तिथे गेले. सोवळं ओवळं तेव्हा कुणाला आठवलं नाही. सोमलीबाई तिचं नाव. चार वर्षं तिनं मला वाढवलं."

"मग?"

"मग घरी आणलं. तेव्हा सगळं आठवलं. तोंडातून तिचा शब्द निघाला की वडील चूळ भरायला लावायचे. दिवसातून वीस वेळा, पंचवीस वेळा. महिन्याभरात मी तिचा एकही शब्द बोलेनासा झालो."

"तुम्ही पोर होता," बाबा हळूच म्हणाले.

"तेव्हा पोर होतो." शास्त्र्यांनी मान वर केली नाही. "गेल्या वर्षी नव्हतो."

"गेल्या वर्षी देशमुखांकडे माझा सत्कार होता," ते सांगू लागले. " शंभर माणसं. शाल अंगावर पडली, आणि दारातून कुणीतरी हाक मारली. म्हातारी, काठी टेकत आलेली, हातात ते हस्तिदंती चुडे. मी चाळीस वर्षांनी पाहिलं तरी ओळखलं. ती तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. सगळे वळून बघायला लागले. देशमुख हसून म्हणाले, शास्त्रीबुवा, तुम्हाला सात भाषा येतात, ही बाई काय म्हणते ते आम्हाला सांगा की."

"काय सांगितलंत?"

"म्हणालो, ही भाषा मला येत नाही."

चिंचेच्या झाडावर होले घुमत होते. खाली पायऱ्यांशी कुणीतरी धुणं आपटत होतं. शास्त्र्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"ती काय करणार? वळून निघून गेली. त्या दिवसापासून माझं शेवटचं पान कोरं आहे, बाबा."

"काय म्हणाली होती ती?"

"जेवलास का, म्हणाली."

सबूरशहांनी डोळे मिटले. मग विचारलं, "आता कुठं असते?"

"येताना वाटेत तांडा लागला. नदीच्या पलीकडे, बाभळींच्या पुढे. ती चुलीपाशी बसली होती. मी गाडीचा पडदा ओढून घेतला."

एवढं बोलून झालं, आणि शास्त्र्यांचा उजवा हात आपला आपणच वर गेला. त्यांनी कानाची पाळी धरली.

"याडी," ते म्हणाले. "सोमलीबाई."

मग शास्त्र्यांना एकदम काहीतरी सुचलं. माणूस शेवटी ग्रंथकर्ता. त्यांनी पडशीतून ते कोरं पान काढलं, दौत उघडली, लेखणी बुडवली. चेहऱ्यावर वर्षभरात नव्हता असा उजेड.

"बाबा, हेच ना ते? हीच पहिली भाषा ना? हेच लिहू ना शेवटच्या पानावर?"

सबूरशहांनी त्यांच्या हातातली लेखणी काढून घेतली. दौतीला झाकण लावलं. सोललेल्या चिंचा फडक्यात बांधल्या आणि ते गाठोडं शास्त्र्यांच्या मांडीवर, कोऱ्या पानावरच ठेवलं.

मग पायऱ्यांकडे बोट केलं.

"आधी तिला उत्तर देऊन या, शास्त्रीबुवा. तिनं तुमच्या आधी विचारलंय."