कुदळीची दुपार

हत्यारांना वाचा होती त्या काळातली गोष्ट. एका माळावर विहिरीचं काम चाललं होतं. वैशाखाचं ऊन डोक्यावर आलं की गडी लिंबाखाली भाकरी सोडत आणि लाकडी दांड्याची हत्यारं पाण्याच्या डोणीत बुडवून ठेवत.

नव्या कुदळीला हे चोचले वाटत. पहार तेवढी भर उन्हात ताठ उभी असायची, आणि तिच्यासमोर पाण्यात पडून राहायची कुदळीला लाज वाटे. एके दुपारी ती म्हणाली, "मी नाही येणार डोणीत. मी काय लोण्याची आहे, वितळायला? ती पहार बघा."

म्हातारं फावडं म्हणालं, "अगं पोरी, पहार नखशिखांत लोखंडाची. तुला बाभळीचा दांडा आहे. ऊन त्याला लागतं."

"लागू दे," म्हणत कुदळ पहारीशेजारी जाऊन उभी राहिली. दांडा आतल्या आत सुकला, आक्रसला आणि लोखंडात सैल झाला. वरून मात्र कुदळीला काहीच जाणवलं नाही.

ऊन कलल्यावर बहिरू नावाचा गडी तिला घेऊन विहिरीत उतरला. त्याने पहिलाच घाव उगारला आणि दांड्यातून लोखंड निसटलं. समोर खणणाऱ्या लहानू गड्याच्या कानाजवळून ते सणसणत गेलं आणि खडकावर आदळलं. लहानू थोडक्यात वाचला.

बहिरूने दांडा पुन्हा ठोकून बसवला. दुसऱ्या दिवशी ऊन चढताच कुदळ सगळ्यांच्या आधी डोणीत शिरली.

"दमलीस का गं?" पहारीने विचारलं.

"दमले नाही," कुदळ म्हणाली. "पण संध्याकाळी परत घाव घालायचेत, आणि समोर लहानू असणार आहे."