टाकीच्या तोंडाचा लाल दोरा

माझी शाळा लवकर सुटली. शुद्धलेखनाच्या चुका होतील, शब्दही साधेच आहेत, त्याबद्दल माफ करा.

नानासाहेब कटकरांच्या नव्या गाडीत रोज सकाळी इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा! दोन गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडलं, मशीन लावून दिवा घालवला. दुसऱ्या सकाळी दिवा पुन्हा हजर! शेवटी नानासाहेब माझ्यावर घसरले. मी त्यांचा ड्रायव्हर.

"सुखदेव, तूच काहीतरी मोडलंस! उद्या सकाळी दिवा लागला तर किल्ली ठेव आणि घरी जा!"

मी गाडी विट्याच्या रस्त्यावर हौसाताई लोहारांच्या गॅरेजात नेली. नानासाहेब मागच्या सीटवर होतेच.

"ताई, दिवा घालवा. पण बॉनेट उघडायचं नाही, एक नट हलवायचा नाही, आणि खंडेनवमीच्या पूजेचं काही काढायचं नाही. माझ्या हातची पूजा आहे!"

"फुंकर मारू का मग?" ताई म्हणाल्या.

त्यांनी स्टिअरिंगखाली मशीनची वायर जोडली. मशीनवर बिघाडाचा एक नंबर आला.

"इंजिन ठणठणीत आहे. पेट्रोलच्या टाकीतली वाफ कुठून तरी बाहेर पळतेय. सुखदेव, टाकीचं झाकण दाखव बघू."

मी बाहेरची झडप उघडली. टाकीच्या तोंडाला लाल दोऱ्याचे वेढे होते आणि झाकण त्या दोऱ्यावरच अर्धवट बसलं होतं. पेट्रोल भरताना मी तो दर वेळी बघायचो, पण पूजेचा म्हणून कधी हात लावला नव्हता.

"हा कुणी बांधला?"

"मी!" नानासाहेब ताठ झाले. "गाडी तिथूनच खाते, म्हणून तिथं बांधला. खबरदार काढाल तर!"

"मी कशाला काढू? नाना, दसऱ्याला घरचे घट उठले का?"

"उठले की! अक्षता टाकून हलवले, मग उचलले."

"आणि गाडीतल्या देवाला?"

"त्याला काय?"

"घरच्या देवाची उत्तरपूजा केलीत आणि इथल्या देवाला तसंच बसवून ठेवलंत! रोज नैवेद्य दाखवता?"

"गाडीला? नाही..."

"आरती?"

"नाही!"

"मग काय करील बिचारा देव? रोज सकाळी स्वतःच दिवा लावतोय!"

नानासाहेबांनी आधी डोळे वटारले. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि ते असे हसले, की समोरच्या पंक्चरवाल्यानं टायर सोडून इकडे पाहिलं.

"अहो, अक्षता आणा कुणीतरी!"

ताईंनी डब्यातले तांदूळ आणि चिमूटभर कुंकू आणलं. नानासाहेबांनी अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि आपल्याच हातानं दोरा सोडला. ताईंनी झाकण कट्कट् वाजेपर्यंत आवळलं आणि मशीननं नंबर पुसला.

"बॉनेट उघडलं नाही, नट हलवला नाही, पूजेला हात लावला नाही. झालं?"

"झालं! बोला, काय देऊ?"

"गाडी द्या!"

"काय?"

"उद्या सकाळपुरती हो! जन्मभर मी गाड्यांखालीच पडले. एकदा मागच्या सीटवर बसून रेणावीच्या रेवणसिद्धाच्या दर्शनाला जायचंय. आणि ड्रायव्हर सुखदेवच पाहिजे!"

"आणि दिवा लागला तर?"

"तर आहे तिथं उतरून चालत जाईन!"

नानासाहेब पुन्हा खो खो हसले. "दिली!"

सकाळी मी किल्ली फिरवली. समोरचे सगळे दिवे एकदम लागले. मी पिवळ्यावरच नजर ठेवली. इंजिन सुरू झालं आणि एकेक दिवा विझला. पिवळासुद्धा!

मी गाडी गॅरेजपाशी नेली, उतरून मागचं दार उघडलं. हौसाताई इस्त्रीच्या लुगड्यात ऐटीत बसल्या. नानासाहेबही आले होते. ते माझ्या शेजारी पुढं बसले आणि म्हणाले, "सुखदेव, सावकाश चालव रे. मागं मालकीण बसल्यात!"

मी पहिला गिअर टाकला.