गाडग्यात राहिलेला तीळ

एक होती हंडी.

राजा? राजाही आहे या गोष्टीत. पण तो अगदी शेवटी येतो, तोही भुकेला. त्यामुळे निनाद, "राजा कधी, राजा कधी" करायचं नाही. ओवी, पाय पांघरुणात घे. हं.

तर एक होती हंडी. मातीची, काळीभोर, काठाचा एक टवका उडालेली. ती होती येसाक्काची. येसाक्का म्हणजे गावातली एक म्हातारी बाई. पण म्हातारी कशी? विहिरीचं पाणी स्वतः ओढायची. अंगणात वांगी, घेवडा, पावटा स्वतः लावायची. तिच्या हातची भाकरी इतकी पातळ आणि गोल, की तव्यावर टम्म फुगली की शेजारची पोरं टाळ्या वाजवायची. आणि गावात सगळ्यांना तिच्या एका गोष्टीचं फार कौतुक होतं. येसाक्का कधी कुणाकडे काही मागायची नाही. चिमूटभर मीठसुद्धा नाही.

शेजारची पारूबाई म्हणायची, "अगं येसाक्का, तू कधीतरी माझ्याकडे विरजण तरी मागायला ये. नाहीतर तुझ्याकडे यायची मला लाज वाटते."

येसाक्का हसायची. मागायची मात्र नाही.

आता हंडी तिच्याकडे कशी आली? तर फार फार पूर्वी, येसाक्काच्या सासूची सासू होती ना, तिच्या दारात भोगीच्या दिवशी एक पाहुणा आला. थंडीने काकडला होता बिचारा. तिने त्याला चुलीजवळ बसवलं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी वाढली, भोगीची भाजी वाढली, भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. तो पोटभर जेवला. मग त्याच्या तोंडावर अशी लाली आली, अशी लाली आली, की घरभर उजेड पडला. कोण होता तो? सूर्यनारायण! पौषात सूर्यालासुद्धा गारठा होतो, बरं का.

मग सूर्याने तिला ही हंडी दिली. म्हणाला, "दर भोगीला हिच्यात भाजी शिजव. भाजी मनासारखी झाली की हंडी गाईल. तुझी लेकरं कुठंही असोत, ते गाणं त्यांच्या कानात पडेल आणि ती घरी येतील. पण एखाद्या भोगीला मी मावळेपर्यंत हंडी गायली नाही, तर हिचा तळ फुटेल. आणि मग तुमचं घर पुन्हा एका पंगतीला बसायचं नाही."

आणखी एक गोष्ट त्याने तिच्या कानात सांगितली. त्या गोष्टीची पुढे रीत झाली. भोगी जेवून परत जाताना प्रत्येक लेकराने आपल्या शेतातलं मूठभर काहीतरी आईच्या गाडग्यात ठेवून जायचं. का? ते मात्र सगळे विसरले. असं होतं. रीत राहते आणि कारण हरवतं.

येसाक्काला तीन मुलं. थोरला सुभान समुद्राकाठी राहायचा. तो मूठभर वाल ठेवायचा. मधली लेक तुळसा, तिला डोंगरावर दिली होती. ती तीळ ठेवायची. धाकटा रखमाजी दूर माळावर. तो शेंगदाणे ठेवायचा. ठेवायचा कमी आणि परत जाता जाता त्यातलेच खायचा जास्त. चुलीमागे उतरंडीवर तिघांची तीन गाडगी होती.

मग एकदा काय झालं, पाऊस कमी पडला. त्या भोगीला मुलं आली, जेवली, आणि निघताना तिघांनी आपापलं फडकं सोडलं. येसाक्काला त्यांची कीव आली. ती म्हणाली, "राहू द्या रे. तुमच्याकडेच ओढगस्त. मला काय कमी आहे? काही ठेवू नका."

"अगं पण रीत आहे," सुभान म्हणाला.

"रीत मला शिकवतोस? घेऊन जा म्हणते ना."

मग मुलांनी फडकी परत बांधली. आईला काही नको म्हटल्यावर बोलणार काय? तिघं गेली. येसाक्काने गाडगी घासली, पुसली, लख्ख केली आणि उतरंडीवर पालथी घालून ठेवली.

वर्ष सरलं. पुन्हा पौष आला. येसाक्काने ठरवलं, यंदा अशी भोगी करायची की गाव वर्षभर नाव घेईल. मग तिने काय काय बेत केला! पावट्याच्या वेलाला चांदण्या दिसेपर्यंत पाणी घातलं. लोणी ताजं हवं म्हणून गाईला हिरवा चारा चारला. बाजरी निवडली, पुन्हा निवडली, एक खडा राहू दिला नाही. अंगणातल्या काटेरी वांग्यांमधली सगळ्यांत कोवळी वांगी तिने हेरून ठेवली, रोज त्यांच्याशी जाऊन बोलायची. "अजून दोन दिवस दम धरा," म्हणायची. एवढा जीव ओतून स्वयंपाक करणारी माणसं, मी तरी फार कमी पाहिली.

भोगीची सकाळ झाली. येसाक्काने डोक्यावरून न्हाऊन चूल पेटवली. हंडी चढवली. तिच्यात अंगणातली वांगी, घेवडा, पावटा, गाजर, ओला हरभरा, उसाचे करवे. भाजी रटरटली. वास असा सुटला की पारूबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. पण हंडी?

हंडी गप्प.

येसाक्काने कान लावला. काही नाही. तिला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मीठ कमी? फोडी मोठ्या? तिने भाजी एका मोठ्या पातेल्यात काढली. टाकली नाही बरं का, अन्न टाकायचं नसतं. पारूबाईला दिली.

मग ती नदीपलीकडे गेली. तिथल्या मळ्यांतली सगळ्यांत चांगली भाजी, ताजा गूळ, वासाचा मसाला असं सगळं डोक्यावर घेऊन आली. पुन्हा हंडी चढवली. पुन्हा भाजी रटरटली. या खेपेला वास सुटला तो थेट देवळापर्यंत गेला. पण हंडी?

"गप्प!" बरोबर. ओवी जागी आहे अजून.

आता सूर्य डोक्यावरून कलला होता. येसाक्काच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येत होती. तळ फुटलेली हंडी आणि रिकामे पाट. ती स्वतःशी म्हणाली, "सगळे म्हणतात येसाक्काच्या हाताला चव आहे. मग कुठं गेली गं ती चव?"

मग तिने तिसऱ्यांदा हंडी चढवली. या खेपेला थोडीच भाजी, जी घरात उरली होती ती. वरून तिळाचं कूट घालायचं म्हणून डबा उघडला, तर तीळ संपलेले. मग सवयीने तिचा हात गेला उतरंडीवर, तुळसाच्या गाडग्याकडे. गाडगं उचललं. ते तर रिकामं. तिनेच नाही का घासून ठेवलं होतं? तिने ते उलटं करून हंडीवर झटकलं, उगाच आपलं.

तर गाडग्याच्या चिरेत एक तीळ अडकून राहिला होता. एकच. तो टपकन हंडीत पडला.

आणि हंडी म्हणाली, "हूं."

येसाक्का दचकली. हंडी पुन्हा म्हणाली, "हूं… हूं… हूं…" अगदी बारीक, डासाएवढ्या आवाजात. पण गात होती.

येसाक्का चुलीपुढे बसली. तिने त्या तीन गाडग्यांकडे पाहिलं. आणि तिला कळलं. हंडी तिच्या हाताच्या चवीसाठी गातच नव्हती कधी. दर वर्षी गाडग्यातलं, लेकरांच्या हातचं तिच्या पोटात पडलं की त्यांच्यासाठी गायची. आणि येसाक्काने तर सगळ्यांना मुठी परत बांधायला लावल्या होत्या.

मग तिने काय केलं असेल? जे जन्मात केलं नव्हतं, ते केलं. तिने त्या गाणाऱ्या हंडीच्या तोंडाशी तोंड नेलं. वाफेने डोळे भरून आले. पहिल्यांदा शब्दच फुटेना. दुसऱ्यांदा नुसतं "तुळसा" म्हणाली. तिसऱ्यांदा मोठ्याने म्हणाली, "तुळसा गं, मला तुमचं हवंय. येताना मूठभर घेऊन ये. दादालाही सांग. रखमालाही सांग. मी मागतेय."

तिकडे डोंगरावर तुळसा भाकरी थापत होती. तिच्या कानात आधी बारीक गाणं आलं आणि गाण्यातून आईचा आवाज. तिची भाकरी हातातच राहिली. आई मागतेय? आपली आई? ती तशीच उठली, तीळ पदरात बांधले, आणि धावत सुटली.

पण समुद्र कुठं, माळ कुठं, आणि येसाक्काचं गाव कुठं! दिवस तर उतरायला लागलेला. मग सूर्यनारायणाने वरून पाहिलं. हंडी त्याचीच ना? तो म्हणाला, आज जरा थांबून जाऊ. आणि गावाबाहेरच्या चिंचेच्या शेंड्यावर तो टेकला. चक्क टेकला, दमलेला माणूस कट्ट्यावर टेकतो तसा. आणि त्याने तुळसाच्या पायाखालची वाट गुंडाळून लहान केली, आपण सतरंजी गुंडाळतो तशी.

तुळसा समुद्राकाठी पोचली. सुभान ओट्यावर बसून भिजवलेले वाल सोलत होता. उद्याच्या उसळीसाठी. तोंड फुगलेलं.

"दादा, ऊठ. आईने बोलावलंय."

"मला नाही ऐकू आली हंडी," सुभान म्हणाला. "आणि आईला काही नको असतं. तिनेच सांगितलंय. काही नको."

"काही नको म्हणाली, तू नको असं म्हणाली होती का?"

सुभान उठला. मग त्याने सोललेले वाल ओल्या फडक्यात बांधले आणि म्हणाला, "चल. उगाच तोंडाला तोंड देत बसू नकोस."

मग दोघं माळावर गेली. रखमाजीला काही समजवावंच लागलं नाही. तो म्हणाला, "भोगीला आईकडे जायचं नाही म्हणून मी सकाळपासून जेवलेलो नाही." त्याने शेंगदाण्यांची मूठ भरली. तुळसाने त्याची मूठ तिथंच घट्ट धरली, वाटेत खाऊ नये म्हणून.

इकडे येसाक्का चूल विझू देत नव्हती. एकेक काटकी घालत होती. हंडी बारीक आवाजात गातच होती, पण एका तिळाचं गाणं पुरं पडेना; तिच्या बुडाशी केसाएवढी रेघ दिसायला लागली होती. येसाक्का दाराकडे बघायची, चिंचेकडे बघायची, हंडीकडे बघायची.

आणि दारात आवाज आला, "आई, पाणी दे पाय धुवायला."

तिघं! पाय धुऊन ती सरळ चुलीपाशी आली. तुळसाने तीळ टाकले. हंडीचा आवाज खुलला. सुभानने वाल टाकले. हंडीने समुद्रासारखा खर्ज लावला. रखमाजीने शेंगदाणे टाकले. आणि मग हंडी अशी गायली, अशी गायली, की भांडी मांडणीवर नाचायला लागली. बुडाची रेघ मिटून गेली. येसाक्काने तिघांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

आणि आता, निनाद, राजा.

राजा शिकारीत वाट चुकला होता. शिकार नाही, घोडा नाही, पोटात कावळे. तो वासाच्या मागे मागे आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "बाई, जेवायला मिळेल का?"

"मिळेल की," येसाक्का म्हणाली. "पण या घरात आता नवी रीत आहे. आधी हातचं काहीतरी हंडीत टाकायचं."

राजा ओशाळला. "माझ्याजवळ फक्त मुकुट आहे."

"मुकुट शिजत नाही, महाराज," रखमाजी म्हणाला.

मग राजाने शेल्याची गाठ चाचपली. वाटेत भूक लागली म्हणून त्याने बोरं तोडली होती, त्यातली चार उरलेली. त्याने ती हंडीत टाकली. म्हणून भोगीच्या भाजीत बोरं असतात, बरं का.

मग सगळे एका पंगतीला बसले. राजा रखमाजीच्या शेजारी. पारूबाईही आली. तीळ लावलेली भाकरी, वर लोणी, आणि ती भाजी. कुणी किती खाल्ली ते विचारू नका. सगळ्यांचं झाल्यावर सूर्यनारायण चिंचेवरून उठला आणि हळूच मावळला.

दुसऱ्या दिवशी निघताना येसाक्काने स्वतःच गाडगी दारात आणून ठेवली. सुलटी. आणि म्हणाली, "ठेवा रे मुठी. मला हव्यात." तिने राजासाठीही एक चौथं गाडगं ठेवलं होतं. पुढच्या वर्षी भर दरबारात राजाच्या कानात हंडी गायली. तो सिंहासनावरून उठला आणि म्हणाला, "बाकीचं परवा बघू. मला आईकडे जेवायला जायचंय." प्रधानाला कळेचना, कुठली आई.

आणि सूर्याला तेव्हापासून सवयच लागली. भोगी झाली की तो रोज थोडा जास्त थांबतो. कुणी वाटेत असेल, कुणाला उशीर झाला असेल, म्हणून. थोडा म्हणजे किती? एक तीळ. म्हणून संक्रांतीपासून दिवस तीळतीळ मोठा होतो. शास्त्रात याचं कारण निराळं आहे. मी ते शिकलोय, पुढे शिकवलंयही, आणि ते बरोबर असणारच. पण ते तुम्हाला शाळेत सांगतील. आत्ता हेच खरं.

काय गं ओवी? आपली हंडी गाते का? आपल्याकडे कुकर आहे. तो शिट्टी वाजवतो. पण काय सांगावं, तोही कुणाला तरी बोलावतच असेल.

उद्या भोगी. आत्या तीळ घेऊन निघालीय. पावट्याच्या शेंगा टोपलीत ठेवल्यात, त्या तुमच्या दोघांच्या हातच्या. सकाळी उठून सोलायच्या. निनाद, ऐकलंस ना?

झोपला वाटतं. येसाक्काही झोपली, तिची लेकरं झोपली, राजा झोपला, हंडी निवली. तूही मीट आता डोळे.